हिरवा ठिपका

दादर, ४ ऑगस्ट

प्रिय सुरू,

काल ऑफिसच्या 'सोबत' अॅपवर तुझं उत्तर आलं, "नोंद घेतली, धन्यवाद." ते वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. एकाच दिवशी नोकरीला लागलेली, बारा वर्षांची मैत्रीण मला धन्यवाद देते, तेही पूर्णविरामासकट. पण तुझा काय दोष? त्या अॅपवरच्या खासगी गप्पासुद्धा वरची मंडळी उघडून वाचू शकतात, हे कळल्यापासून सगळं ऑफिस सरकारी पत्र लिहितात तसं बोलायला लागलंय. फोन कंपनीचा, म्हणजे तिथेही तेच. घरून बोलावं तर तुझ्याकडे सासूबाई आणि माझ्याकडे आई, दोघींचे कान एकदम शाबूत. म्हणून ही युक्ती. दत्ताराम रोज तुमच्या गिरगाव शाखेतून पासपोर्टांची पिशवी इथे हेड ऑफिसला आणतो आणि व्हिसा लागलेले परत नेतो. त्याच पिशवीत हे पाकीट टाकतेय. तसंच उत्तर पाठव.

शिव्या देण्याआधी त्या 'सोबत'चं एक खरं सांगते. गेल्या महिन्यात आपली लेहची सहल रस्ता बंद होऊन अडकली. टूर मॅनेजर अभय डोंगरात, हॉटेलवाला मनालीत, बसवाला चंदीगडला आणि मी दादरला. पूर्वी असं झालं की माझ्या दोन्ही कानांना दोन फोन आणि तिसऱ्याला काय सांगितलं ते चौथ्याला माहीत नाही. या वेळी आम्ही सगळे एका पडद्यावर. अभयने रस्त्याचा व्हिडिओ टाकला, एकीने खोल्या शोधल्या, एकाने मधुमेहवाल्या आजोबांच्या इन्सुलिनची सोय केली आणि रात्री सगळी मंडळी गरम वरणभात जेवली. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. त्या दिवशी मला खरंच ते यंत्र आवडलं.

रोजचं मात्र नको वाटतं. नावापुढचा तो ठिपका. काम चालू असेल तर हिरवा, कीबोर्डला थोडा वेळ हात लागला नाही की करडा. करडा झाला की शंतनु सरांचा संदेश येतो, "सगळं ठीक ना?" इतक्या गोड विचारतात की राग कुठे काढायचा कळत नाही. मी गिऱ्हाइकाशी फोनवर भांडत असले तरी करडी. डोकं धरून विचार करत असले तरी करडी. आणि त्या व्हिडिओ बैठका! सगळ्यांचे कॅमेरे बंद, जो पहिला बोलतो त्याचं मत सर्वांचं म्हणून लिहून टाकतात.

आता मुद्द्याचं. माझी 'निवांत'ची कल्पना मोठ्या साहेबांपर्यंत पोहोचली. आठवतंय ना, आमच्या नायगावच्या आज्यांना मी बोधगयेला नेलं होतं? पहाटे उठवणं नाही, दुपारी झोप, एका हॉटेलात किमान दोन मुक्काम, उतरायला बसला बुटकी पायरी. तेव्हापासून मी टिपणं काढतेय. कंपनी आता ज्येष्ठांच्या सहलींचं वेगळं खातं काढणार आहे आणि त्याला प्रमुख हवी आहे. मला ते हवंय, सुरू. आजवर मी दुसऱ्यांनी आखलेल्या सहली सांभाळल्या. ही एक माझी आहे.

आणि नेमकं आत्ताच आईच्या डोळ्याचा पडदा सरकलाय. परळला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, डोळ्यात गॅस भरणार आणि मग काही दिवस तिने पालथं झोपायचं, जेवतानाही मान खाली. माझी रजा सगळी चाळ सोडून टॉवरात सामान हलवण्यात गेली. काय करू ते सांग.

तुझी,
नमू


गिरगाव, ६ ऑगस्ट

प्रिय नमू,

दत्तारामने पाकीट असं दिलं की जणू कुणाची पत्रिका आणलीये. 'मॅडम, खासगी,' म्हणाला आणि काउंटरपाशी उभाच राहिला. त्याला चहा पाजला तेव्हा गेला.

तुझ्या आईंचं, मीराबाईंच्या डोळ्याचं, वाचून वाईट वाटलं. घाबरू नकोस, आमच्या शेजारच्या काकांचं असंच ऑपरेशन झालं, आता ते पेपर वाचतात. तू फक्त त्यांच्या मानेखाली नीट उशी ठेव आणि बाकी सगळं माझ्यावर सोड.

'निवांत' तुझंच आहे, त्यात दुसरं कुणी येतंच कशाला? तू निश्चिंत राहा.

रजेचं मात्र मी सुचवते ते कर. शंतनु सरांना सांग की सकाळी ऑफिसला येते आणि दुपारनंतर घरून काम करते. हल्ली त्याला ते नाही म्हणत नाहीत, फक्त ठिपका हिरवा पाहिजे. तो मी ठेवते. मला तुझा पासवर्ड दे. इथे दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ नसते, काउंटरवर बसून पेपर चाळण्यापेक्षा तुझ्या नावाने तुझी साधी कामं उरकीन. 'गाडी बदलली', 'जेवण कळवलं', एवढंच तर असतं. पूर्वी दादरला एकत्र होतो आणि तू उशिरा यायचीस तेव्हा मस्टरवर तुझी सही मी करत होतेच की. तेव्हा पेन होतं, आता हे, एवढाच फरक.

संकोच करू नकोस. मैत्रिणीला अशा वेळी उपयोगी पडायचं नाही तर कधी?

तुझी,
सुरुची


नायगाव, २५ ऑगस्ट

सुरू,

तुझे उपकार कसे फेडू, असं लिहिणार होते, पण तू ओरडशील म्हणून लिहीत नाही.

ऑपरेशन नीट झालं. आई पालथी पडून टीव्हीवरच्या मालिका नुसत्या ऐकते आणि कोण रडतंय ते मला विचारते. मी सांगितलं की सगळेच, तर म्हणाली, मग बंद कर. थेंब घालायचे, पाठ चोळायची, जेवण भरवायचं आणि ती मान वर करते का त्यावर लक्ष ठेवायचं. चाळीत असतो तर हाक मारली की गॅलरीतून तीन जणी आल्या असत्या. इथे टॉवरात लिफ्ट आहे, पाणी आहे, बाथरूम घरात आहे, आई त्यावर खूश आहे. पण मजल्यावरची दारं बंद असतात. समोर नवीन कोण राहायला आलंय ते मला अजून ठाऊक नाही.

दुपारी एकदा सवयीने लॅपटॉप उघडला. माझ्या नावापुढे हिरवा ठिपका, आणि मी हातात वरणाची वाटी घेऊन उभी. गंमत वाटली. आपण नसतानाही आपण आहोत, कामं होताहेत, कुणाला काही पत्ता नाही. तू अगदी माझ्यासारखं लिहितेस गं. 'ओके, बघते' हेसुद्धा माझ्याच पद्धतीने. मग मी लॅपटॉप मिटला आणि त्यानंतर उघडलाच नाही, नाहीतर दोघींचे हात एकात एक अडकायचे.

काल रात्री आई कळवळली तेव्हा मला वाटलं, सगळं सोडून द्यावं. कुठलं निवांत आणि कुठल्या सहली, हिला टाकून मी कुठे जाणार आहे? सकाळी तिने स्वतःच मला हाकललं, ऑफिसला जा म्हणाली. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. शंतनु सर खात्याबद्दल काही बोलले का, कानावर आलं तर कळव. त्यांना मी पुढच्या आठवड्यात भेटून सरळ सांगणार आहे की प्रमुख मला करा.

गणपतीला तुमच्याकडे यायला जमणार नाही. माझा मोदक ठेवू नकोस, खाऊन टाक.

नमू


गिरगाव, ३ सप्टेंबर

प्रिय नमू,

गणपतीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. मीराबाई आता मान वर करू लागल्या हे फोनवर ऐकून हायसं वाटलं.

तुझ्या नावाने सगळं सुरळीत चालू आहे. केरळच्या सहलीची बस बदलून घेतली, दोन हॉटेलांना जेवणाचं कळवलं. शंतनु सरांनी किरकोळ काही विचारलं होतं, त्याला तू दिली असतीस तशी उत्तरं दिली. तुला त्रास देण्यासारखं काही नव्हतं.

खात्याबद्दल मला काही माहीत नाही. सर सध्या मोठ्या साहेबांबरोबर रोज बैठकांत असतात, इतक्यात त्यांना भेटून घाई करू नकोस. माणूस घाईत असला की आपलं म्हणणं वाया जातं. तू आधी आईकडे बघ. आणि तू लिहिलंस ते मला पटलं, की त्यांना टाकून तू कुठे जाणार? अशा वेळी मनाचं ऐकावं.

सुरुची


दादर, ९ सप्टेंबर

सुरुची,

काल दुपारी 'सोबत'वर घोषणा आली. मी तेव्हा आईला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. बाकावर बसून फोन उघडला तर तुझा फोटो, खाली "निवांत सहली, विभागप्रमुख" आणि त्यावरून रंगीत कागदांचे तुकडे पडताहेत. खाली टाळ्यांची रांग. मीही एक टाळी टाकली. नाही टाकली तर ते दिसतं.

अभिनंदन. मनापासून म्हणायचा प्रयत्न करतेय, रागावू नकोस. तुझ्यावर माझा राग नाही, तू कुठे मागायला गेली होतीस? राग शंतनु सरांवर आहे. ती टिपणं कुणाची, ते त्यांना माहीत आहे. 'सोबत'च्या सामायिक बोर्डवर सगळ्यांनी त्यात दोन दोन ओळी घातल्या म्हणून ती सगळ्यांची झाली का? निदान मला एकदा विचारायचं. "नम्रता, तुम्हाला हवंय का?" एवढे चार शब्द लिहायला त्या अॅपवर किती वेळ लागतो? सकाळ-संध्याकाळ ठिपक्याची चौकशी करणारा माणूस हे विचारत नाही.

आईला सांगितलं नाही. तिने घरी आल्यावर विचारलं, तुझ्या सहलींचं काय झालं. मी म्हटलं, चाललंय. तिला अजून नीट दिसत नाही हे बरं झालं, माझा चेहरा तरी वाचता आला नाही.

तुला हे आधी माहीत होतं का? एवढंच विचारते. तू सांगितलं असतंस तर मला असं बाकावर बसून कळलं नसतं.

नमू


गिरगाव, ११ सप्टेंबर

प्रिय नमू,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मलाही अचानकच कळलं गं. सरांनी फोन केला, म्हणाले, ठरलंय. मी तुझं नाव घेतलं होतं, शपथेवर सांगते. ते म्हणाले, नम्रताच्या घरची परिस्थिती आम्हाला माहीत आहे. त्यावर मी काय बोलणार?

तुला सांगायला धीर झाला नाही. चुकलंच.

पण एक ऐक. आता सरांशी या विषयावर बोलू नकोस. झालेली गोष्ट बदलायची नाही, उलट तूच कोत्या मनाची ठरशील. 'निवांत' कागदावर माझ्या नावाने असलं तरी आपलं दोघींचंच आहे. तुझी टिपणं बोर्डवर आहेतच, त्यांच्यावरूनच मी सुरुवात करतेय. पहिली सहल कुठली काढावी, ते तू सांग. आणि आईंची तब्येत सुधारलीच आहे तर ते पासवर्डचं आता बंद करू या. तू तो बदलून टाक.

तुझीच,
सुरुची


दादर, १६ सप्टेंबर

सुरुची,

तू बोलू नकोस म्हणालीस, मी बोलले नाही. शंतनु सरच बोलले.

आज सकाळी ते खाली चहाच्या टपरीवर भेटले. मी मान फिरवली, तर ते स्वतः ग्लास घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुमचं उत्तर मी मोठ्या साहेबांना वाचून दाखवलं. स्वतःची कल्पना दुसऱ्याच्या हातात इतक्या मोकळेपणी देणारं माणूस मी पाहिलं नाही." मी विचारलं, कुठलं उत्तर? त्यांना वाटलं, मी विनय करतेय. हसून त्यांनी ते मला पाठच म्हणून दाखवलं. "कल्पना माझी असली तरी आईच्या आजारपणामुळे मला ही जबाबदारी पेलणार नाही. सुरुचीला ती माझ्याइतकीच माहीत आहे. तिला द्यावी. मी तिच्या मागे उभी राहीन."

म्हणजे त्यांनी मला विचारलं होतं. गेला आठवडाभर मी ज्या माणसाला मनात शिव्या घातल्या, त्याने मला अगदी सरळ विचारलं होतं, "प्रमुख म्हणून तुमचाच विचार आहे, जमेल का?" त्या दुपारी मी आईच्या डोळ्यात थेंब घालत होते आणि हिरव्या ठिपक्याखाली तू बसली होतीस. तुझ्या पत्रातलं 'किरकोळ काही' ते हेच.

चहाचे पैसेही मी दिले की नाही, आठवत नाही. वर आले, जागेवर बसले. सरांशी झालेलं ते बोलणं माझ्या पडद्यावर शोधलं, तर तेवढंच पुसलेलं. समोर 'सोबत' उघडं, सगळे एकमेकांना नमस्कार घालताहेत, कामं वाटून घेताहेत. मला कुणाच्याच नावावर विश्वास बसेना. अभय लिहितोय तो अभयच आहे का? हे आधी कधी मनात आलं नव्हतं.

तू माझ्यावर रागावली असतीस, भांडली असतीस, सरांकडे जाऊन म्हणाली असतीस की नम्रतापेक्षा मी हे चांगलं करीन, तर मी तुझ्याशी महिनाभर बोलले नसते आणि मग बोलले असते. पण तू माझ्याच तोंडून मला नाही म्हणायला लावलंस. आणि वर मला मोठ्या मनाची ठरवलंस, म्हणजे मला तक्रारही करता येऊ नये.

अजूनही मला वाटतंय की काहीतरी घोटाळा झाला असेल. ते उत्तर तू लिहिलं नाहीस, एवढं मला लिहून पाठव. मी विश्वास ठेवीन. दुसरं काही लिहू नकोस.

नम्रता


गिरगाव, २२ सप्टेंबर

नम्रता,

चार वेळा कागद फाडला. मी लिहिलं ते उत्तर. खोटं बोलून आता काय मिळणार?

पण का लिहिलं ते वाच. आमची शाखा दिवाळीनंतर बंद होणार आहे. मला हे जूनपासून माहीत होतं, तुला सांगितलं नाही, कारण बोललं की खरं होतं. तुम्ही दादरवाले त्या 'सोबत'चं कौतुक करता. ते आलं आणि गिऱ्हाईक घरबसल्या तुमच्याशी बोलायला लागलं, बहुतेक पासपोर्टसुद्धा कुरिअरनेच येऊ लागले. आमची पायरी आता कोण चढतं? दिवसभर मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसते. मला कुणी दुसरं टेबल देऊ केलं नव्हतं. तुझं काम मी आनंदाने करत होते याचं एक कारण तेही होतं, की दुपारी निदान कुणीतरी मला काही विचारायचं. मग ते नावही तुझंच का असेना.

त्या दुपारी सरांचा प्रश्न आला. मी तुला लावायला फोन हातात घेतलाही होता. पण तुझं पत्र समोर होतं. "सगळं सोडून द्यावं, हिला टाकून मी कुठे जाणार?" हे तूच लिहिलंस ना? मला वाटलं, तुला विचारलं असतं तर तू हेच म्हणाली असतीस, फक्त रडून. मी तुझे अश्रू वाचवले. तुझी नोकरी तर कुठे गेलेली नाही. माझी गेली असती.

सरांकडे गेलीस तर काय होईल, तेही बघ. पासवर्ड तू दिलास. नियमाप्रमाणे आधी तू जाशील, मग मी. आईंच्या औषधपाण्याच्या दिवसांत हे परवडणारं नाही.

आणि एक, जे मी कधी बोलले नाही. आपण लागलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तू डबा उघडलास की बाकीच्या बायका उठून दुसऱ्या टेबलावर जायच्या. तुझ्या डब्यात हात घालणारी मी एकटी होते. घरी त्यावरून मी काय काय ऐकून घेतलं, ते तुला कळू दिलं नाही. त्याची तरी जाण ठेव.

सुरुची


नायगाव, २६ सप्टेंबर

सुरुची,

तुझ्या पत्रातला शाखेचा भाग वाचताना मला रडू आलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर तू एकटी बसली होतीस आणि मी तुला लेहच्या वरणभाताच्या गोष्टी सांगत होते. जूनमध्ये सांगितलं असतंस तर मी स्वतः सरांकडे जाऊन म्हटलं असतं, आम्हा दोघींना द्या. खरंच म्हटलं असतं. ते आता तुला पटणार नाही आणि मलाही पटवून द्यायचं नाही.

माझं ते वाक्यही मी नाकारत नाही. दमलेल्या माणसाने मैत्रिणीपाशी टाकलेला सुस्कारा होता तो. त्याच पत्रात पुढे लिहिलं होतं की प्रमुख मला करा, असं मी सरांना सांगणार आहे. ते तू वाचलं होतंस.

मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि रडू थांबलं.

त्या टेबलाचं मला माहीत होतं गं. बाकीच्या का उठतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती उठण्याची पद्धत मी शाळेपासून ओळखते. पण तू बसलीस तेव्हा मला वाटलं, तुला भूक लागली आहे. तू सुकटीची चटणी बोटाने चाटून खाल्लीस आणि उद्या जास्त आण म्हणालीस. मी घरी येऊन आईला सांगितलं की मला मैत्रीण मिळाली. त्यानंतर आपण एका ऑफिसात होतो तितकी वर्षं ती तुझ्या वाटणीचं वेगळं बांधून देत होती. आम्हाला वाटत होतं, आपण दोघी जेवतोय. तू उपकार करत होतीस, हे आम्हा मायलेकींना आज कळलं. जागा गेली त्याचं दुःख कधीतरी कमी होईल. याचं होणार नाही.

आईला मी सगळं सांगितलं. तिने मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "चूक तुझीबी हाय. आपलं नाव दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. आता जा आणि तुझ्या तोंडानं सांगून ये."

म्हणून काल गेले. शंतनु सरांना सांगितलं की मी तुला पासवर्ड दिला होता, दुपारी ठिपका माझा आणि माणूस दुसरं होतं, आणि ते उत्तर माझं नाही. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, यंत्रात नोंद तुमच्या नावाची आहे, तुम्ही हे मागे घेतलंत तर मी ऐकलंच नाही असं समजतो. मी म्हटलं, लिहून घ्या. त्यांनी कर्मचारी विभागाच्या मृणालिनी मॅडमना वर कळवलं. चौकशी होईपर्यंत मला कामावरून बाजूला केलंय. नोकरी राहील की नाही, कुणी सांगत नाही. तू लिहिलंस तसं आधी मीच जाईन कदाचित. ते कबूल करूनच गेले होते.

तुझी पत्रं माझ्याकडे आहेत. त्यातल्या एका पत्रात तुझ्या अक्षरात सगळं कबूल आहे. सरांनी विचारलं, काही पुरावा आहे का. मी नाही म्हटलं. ती तू मला लिहिली आहेस, मॅडमना नाही. तुझे शब्द मी तुझ्या परवानगीशिवाय कुणापुढे ठेवणार नाही. तेवढा फरक आपल्यात राहू दे.

सोमवारी चौकशी आहे. मॅडम म्हणत होत्या, सुरुची गिरगावात, शंतनु बाहेरगावी, तर 'सोबत'वरच घेऊ. मी हट्ट धरला की नाही, दादरला, एका खोलीत, सगळ्यांनी यायचं. पडद्यावर तू कॅमेरा बंद ठेवून बोलली असतीस. मला ते नको होतं.

मी तुझ्या समोरच्या खुर्चीत बसेन. तुला काहीच सिद्ध करावं लागणार नाही, यंत्र तुझ्याच बाजूने आहे. फक्त माझ्याकडे बघून एकदा म्हण, "ते उत्तर नम्रताचं आहे." तुला ते म्हणता आलं, तर मी तिथल्या तिथे मान्य करीन आणि राजीनामा देऊन घरी येईन.

नम्रता